शून्य येत नाही

५ जानेवारी १९९५, जळगाव

सकाळच्या एस.टी.ने धुळ्याहून अंडी आणली. चोवीस. दहा दिवस उबवलेली, आत जीव धरलेली. पारोळ्याला एकाने मांडीवरच्या टोपलीवर गाठोडं आदळलं. तीन फुटली. कॉलर धरून उभा केला त्याला. कंडक्टर मध्ये पडला म्हणून वाचला. शेजारची बाई म्हणाली, "तीन अंड्यांसाठी जीव घेता का भाऊ?" तिला काय सांगू, खायची नाहीत ही.

हात अजून थरथरतोय. राग आला की नंतर तासभर असाच राहतो. माझ्या वडिलांचं, आबांचंही असंच होतं. ते गेले, हात मला ठेवून गेले.

७ जाने.

अंड्यांतल्या पिल्लांच्या हृदयाच्या पेशी ताटलीला चिकटल्या. कार्बन डायऑक्साइडचं इनक्युबेटर आमच्या कॉलेजला कुठलं. मोठ्या काचेच्या बरणीत ताटल्या ठेवायच्या, मेणबत्ती लावून झाकण बसवायचं. विझली की पेशींना हवा तेवढा वायू तयार. दुसऱ्या दिवशी पेशी आपल्याआपण धडधडायला लागतात. अंडं नाही, पिल्लू नाही, नुसता काचेवरचा ठिपका, तरी ठोके चालू.

तायडेंना दाखवलं. आमचे लॅबचे शिपाई, पन्नाशीचे, वीस वर्षं इथेच. सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "सर, याह्यले कोणी सांगेलच नाही वाटते, का कोंबडी होणार नाही म्हून."

मला हसू आलं. नंतर नाही आलं.

९ जाने.

नव्या वर्षाचा पहिला सेट. गावाकडे कपाशीवर फवारताना गडी चक्कर येऊन पडतात. ते औषध हृदयाच्या पेशीत गेलं की आतलं कॅल्शियम किती चढतं, एवढाच माझा प्रबंध. सहा वर्षं झाली. मुदतवाढ ३१ मार्चला संपते. पुढे नाही.

कॅल्शियम मोजायला फ्युरा नावाचा रंग. पेशीत शिरतो, कॅल्शियम धरतो, धरलं की वेगळा चमकतो. ती चमक यंत्र मोजतं. मुंबईहून बर्फात येतो, कुपीत भुकटी इतकी की रिकामी पाठवली की काय वाटावं. सात उरल्या.

आजचा चढ छान आला. पण शेवटी पेशी माराव्या लागतात. एका औषधाने त्यांच्या अंगाला भोकं पाडायची, बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, ती वरची हद्द. मग बिनकॅल्शियमच्या पाण्यात ठेवायच्या, ती खालची हद्द, म्हणजे शून्य. या दोन हद्दी मिळाल्या तरच मधल्या आकड्याला अर्थ. रोज दुपारी चारला माझ्या हातून काही लाख मरतात. मरतात तेव्हा कागदावरची रेघ सरळ वर जाते. मला ते बघायला आवडतं. हे कुणाला सांगायचं नाही.

शून्य मात्र डिसेंबरपासून येत नाही, आजही खाली आलं नाही. अधांतरी थांबलं.

११ जाने.

शून्य येत नाही. शून्याच्या पाण्यात कुठून तरी कॅल्शियम येतंय. नवं द्रावण केलं. तेच. फ्लास्क भिंतीवर फेकला. तायडेंनी काचा गोळा केल्या.

उरल्या कुपी ५.

१२ जाने.

रसायनं बदलली. डिस्टिल्ड वॉटर बदललं. भारनियमनामुळे ओव्हन बंद, म्हणून धुतलेले फ्लास्क मी स्वतः पुसतो. काचेच्या कांडीला मऊ सुती फडकं गुंडाळून, आतून, कोरडे होईपर्यंत. बायकोच्या, निर्मलाच्या जुन्या पातळाची फडकी, घरी धुऊन इस्त्री केलेली. या कामाला दुसऱ्याचा हात लागू देत नाही. लोकांना वाटतं कॉलेजातला मास्तर, याला काय कळतं. माझ्याइतकी स्वच्छता मुंबईला तरी दाखवा.

गाइडचा धुळ्याहून फोन, प्राचार्यांच्या खोलीत. "शून्य नाही तर प्रबंध नाही. आणि मी पुढल्या वर्षी निवृत्त होतोय, लक्षात ठेवा." प्राचार्य समोर बसून ऐकत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी भाजीत मीठ जास्त होतं. ताट उधळलं. निर्मलाने फरशी पुसली.

१४ जाने.

संक्रांत. कुपी ४. शून्य नाही.

१६ जाने.

चोर सापडला.

साडेअकराला मागच्या दारातून शिरलो. तायडे सिंकपाशी उभे, डाव्या तळव्यावर तंबाखू, चुन्याची डबी उघडी. अंगठ्याने चुना काढला, चोळला, तोंडात टाकला. आणि तोच हात माझ्या फ्लास्कच्या ट्रेकडे. चुना! चुना म्हणजे कॅल्शियमच. मी महिनाभर अमेरिकेच्या रसायनांना शिव्या देतोय आणि हा माणूस बोटाने माझ्या शून्यात चुना कालवतोय!

म्हणाले, "सर, हात धुयेल आहेत माह्ये. दोनदा धुयेल आहेत."

एक दिली. कानाखाली. पडले, टेबलाचा कोपरा लागला. कानातून रक्त. एस.वाय.ची चार पोरं दारात उभी होती.

वर त्यांना एक शब्दही ऐकवला. तो इथे लिहीत नाही.

१७ जाने.

तायडे रजेवर. बरं झालं. आता लॅबला कुलूप माझं, फ्लास्क माझे, हात माझे. उद्या शून्य आणतो.

प्राचार्यांनी बोलावलं. "काय झालं?" म्हटलं, किरकोळ. ते म्हणाले, "फरशी ओली होती का?" उत्तराची वाट न बघता ते म्हणाले, "ओलीच असणार. लॅब आहे."

१९ जाने.

दुपारी गेटवर दीडदोनशे लोक. निळे झेंडे, घोषणा, माझं नाव. एक दगड लॅबच्या खिडकीतून आला. बरणीवर. मेणबत्ती, ताटल्या, पेशी, सगळं फरशीवर. धडधडत होत्या त्या, सकाळीच बघितल्या होत्या.

लोखंडी स्टँड घेऊन जिन्यापर्यंत पळालो. दोघा प्राध्यापकांनी कमरेला मिठी मारली. नाहीतर आज एकाचं डोकं फुटलं असतं. माझं किंवा त्यांचं.

स्कूटरचा दिवा फोडलाय, सीट फाडलंय. पिंप्राळ्याला घरापर्यंत ढकलत आलो. कॉलनीतल्या लोकांनी गॅलऱ्यांतून पाहिलं.

२१ जाने.

नवी अंडी, नव्या पेशी मंगळवारपर्यंत. तोवर नुसतं शून्य तपासू म्हटलं. रंग, पाणी, बस्स. तायडे नाहीत, चुना नाही.

शून्य आधीपेक्षा वर.

परत केलं. आणखी वर. दुपटीच्या जवळ.

कुपी ३. डोकं चालत नाही. तो असताना कमी होतं, तो गेल्यावर वाढलं?

२२ जाने.

रविवार. अंगणात निर्मला माझी फडकी धूत होती. बादलीला आतून पांढरा थर. दगडासारखा. म्हणाली, "नळाला पाणी नाही, महिना झाला बोअरच्या पाण्यात धुतेय. तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, हे पाणी कपड्यात पांढरं राहतं म्हणून. डाळ शिजत नाही त्यात."

मग म्हणाली, "तुम्ही त्या माणसाला मारलंत ना, ते चुन्यासाठी?"

मी मारलं तिला. दोनदा. बादलीवर पडली.

खरं बोलली म्हणून मारलं. दुसरं कारण नव्हतं. लिहून ठेवतो.

२३ जाने.

फडक्याचा तुकडा डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळला, गाळला, ऑक्झलेट टाकलं, कॅल्शियम असलं की पांढरं होतं. बारावीच्या पोरांचा प्रयोग. दूध झालं. पांढरं फटक दूध.

म्हणजे मी. कांडीला गुंडाळून, आतून, कोरडे होईपर्यंत, मीच बोअरचं पाणी फ्लास्कमध्ये भरत होतो. साप साप म्हणून भुई धोपटली, आणि साप माझ्या खिशात घडी घालून ठेवलेला.

मग तायडे असताना कमी का? स्टोअरमधलं डिस्टिल्ड वॉटरचं रजिस्टर काढलं. तायडेंचं गोल अक्षर, दर दिवशी एक ओळ. "२ लि. – सरांनी पुसल्यावर फ्लास्क तीनदा विसळले. फडक्याचा धागा राहतो." महिनाभर. दर शनिवारी खाली माझी सही. न वाचता मारलेली.

त्यांचा हात ट्रेकडे गेला तो विसळायला गेला होता.

लॅबची खुर्ची लाथेने मोडली. खुर्चीचा काय दोष. कुणाचाच दोष नसतो तेव्हा मी मोडतो, हे आज कळलं.

२५ जाने.

गावाहून नाना आले. थोरले भाऊ, केळीचे बारा ट्रक, तालुक्यात वजन. सोबत दोघे आडदांड गडी. निर्मलाच्या गालाकडे बघून न बघितल्यासारखं केलं. म्हणाले, "तू काही काळजी करू नको भो. ॲट्रॉसिटीची केस झाली तं नोकरीबी जाईन न् घराची अब्रूबी. मी त्याले समजावून येतो."

मी म्हटलं, त्याची काही चूक नाही नाना. चूक माझी.

"चूक कोन्ही विचारतंय का तुले?"

संध्याकाळी परत आले. पांढऱ्या बुशशर्टच्या बाहीवर हळदीचा डाग. म्हणाले, त्याची बाई स्वयंपाक करत होती, पातेलं पालथं झालं. दार जुनं होतं, निघालं. "त्याच्या जावयाले थोडं लागलं. मध्ये मध्ये करत होता."

तिळगुळाचे लाडू खाऊन गेले.

२७ जाने.

चौकशी समिती. तीन प्राध्यापक, प्राचार्य, पंखा. मी तोंड उघडायच्या आत प्राचार्यांनी कागद वाचला. तायडेंच्या सहीचा. "ओल्या फरशीवरून माझा पाय घसरला. सरांनी मला उचलले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही."

गोल अक्षर. तेच.

मी म्हटलं, मी मारलं.

प्राचार्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तुम्ही दमला आहात. हे इतिवृत्तात घेऊ नका." कुणीच घेतलं नाही. चहा आला.

मी चहा प्यालो.

२९ जाने.

तायडेंकडे गेलो. बुद्धविहाराच्या मागची गल्ली. पोरांनी वाट अडवली. एकाने मानेवर चापट मारली, दुसऱ्याने पोटात गुद्दा. हात खिशात घालून उभा राहिलो. हे जमेल असं वाटलं नव्हतं. तायडे बाहेर आले, त्यांनी सोडवलं.

दाराच्या जागी गोणपाट. मी डाव्या बाजूला बसलो तर म्हणाले, "इकडून बसा सर. तो कान गेला."

सांगितलं सगळं. फडकी, बोअर, रजिस्टर. ऐकत होते. म्हणाले, "मले माहीत होतं. पांढरं दिसे फ्लास्कले उन्हात धरलं का."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही फ्लास्क भितीवर मारता सर. मंग म्हटलं आपून इसळून ठेवू. सांगा कायले."

मला तिथेच मरावंसं वाटलं. म्हटलं, उद्या पोलिसांत जाऊन सांगतो, मी मारलं. त्यांनी हात धरला. जोरात. "नका. तुम्ही खरं बोलले का मी खोटा ठरतो. कागदावर सही माही आहे. खोटी सही म्हून माही नोकरी जाईन. तुमचे भाऊ परत येतीन. आता दार बी नाही."

दारापर्यंत पोचवायला आले. बायकोने पाणी विचारलं नाही. विचारू नये.

३१ जाने.

शून्य आलं.

फडकं नाही. तीनदा विसळून उलटे ठेवले, तायडेंच्या पद्धतीने. रेघ खाली उतरली आणि तळाला टेकून राहिली. सकाळी फवारणीच्या औषधाचा चढ, दुपारी दोन्ही हद्दी. स्वच्छ. सहा वर्षांत असा कागद निघाला नव्हता. कुपी २, आणि त्या पुरतील.

पेशी मारताना या वेळी रेघेकडे बघवलं नाही. यंत्र चालू ठेवून बाहेर जाऊन उभा राहिलो.

२ फेब्रुवारी

तायडेंची मुलगी आली, सुजाता. धुळ्याकडे झेडपीच्या शाळेत शिक्षिका. लॅबच्या दारात उभी. आत या म्हटलं, आली नाही.

"पोलिस तक्रार घेत नाहीत. म्हणतात, तुमचे वडीलच घसरलो म्हणतात. पोरं साक्ष द्यायला तयार नाहीत, त्यांचे प्रॅक्टिकलचे मार्क तुमच्या हातात."

मी हातातला फ्लास्क ट्रेमध्ये ठेवला.

"बाबा म्हणतात, सर रोज चार वाजता काळ्या वहीत लिहितात. कितीही भांडण होवो, लिहितातच. सोळा तारखेला लिहिलंय का?"

"लिहिलंय."

"ती वही मला पाहिजे."

म्हटलं, वडिलांना नको आहे हे. त्यांनी माझा हात धरून सांगितलं.

"त्यांचा कान गेलाय. माझे दोन्ही आहेत. लहानपणापासून ऐकतेय मी, जाऊ दे, जाऊ दे." आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "नोकरीचं मी बघेन. सही कुणी, कशी घेतली ते मोडलेलं दार सांगेल. तुम्ही फक्त तुमचं सांगा. रविवारी अकराला घरी येते. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणा."

गेली. ट्रेमधले फ्लास्क मी उगाच परत विसळले.

४ फेब्रु.

वही दिली तर नोकरी जाईल, अटक होईल, प्रबंध राहून जाईल. शून्य आल्यावर, पंचावन्न दिवस हातात असताना. नाही दिली तर मार्चअखेर सादर करीन, जूनमध्ये डॉक्टर होईन, आणि तायडे उजव्या कानाने अभिनंदन ऐकतील.

सोळा तारखेचं पान काढलं. "एक दिली. कानाखाली."

एक नव्हती. माझ्याच वहीत, माझ्याच हाताने, दुसरं कुणी वाचणार नाही तिथेही मी खोटं लिहिलं. तीन होत्या. पहिली हाताने. दुसरी पडल्यावर, बुटाने, बरगडीत. तिसरी लोखंडी स्टँडने, ते कानावर हात धरून होते तेव्हा. टेबलाचा कोपरा लागलाच नाही. कान स्टँडने गेला.

समासात सगळं लिहिलं. आजची तारीख घालून, सही करून. तो शब्दही लिहिला. जातीचा आहे. लिहिताना हात अडखळला, बोलताना अडखळला नव्हता.

५ फेब्रु.

साडेनऊला नाना. कुणी सांगितलं देव जाणे. चपला न काढता आत. "वही कोठी आहे?"

म्हटलं, देणार नाही.

"चुलीत घाल ती. नाहीतं मी घालतो." कपाटाकडे गेले, पुस्तकं खाली ओढली. वही उशीखाली होती. सापडली त्यांना. निर्मला आडवी आली, तिला ढकललं, ती दारावर आपटली.

आणि मी नानांना मारलं. थोबाडीत. एवढ्या वर्षांत जे जे हाताखाली होतं त्यालाच मारलं. शिपाई, बायको, खुर्ची. थोरल्यावर पहिल्यांदा हात उचलला. ओठ फुटला त्यांचा. मला वाटलं तेही मारतील, आणि मारामारी मला येते, तिला मी भीत नाही. पण ते पलंगावर बसले आणि रडायला लागले. "आबा असते तं तुह्ये तंगडे तोडले असते." खरं आहे. वही उचलून घेतली. चांगलं केलं असं वाटत नाहीये. परत तेच केलं, माणूस वेगळा एवढंच.

नाना बाहेरच्या खोलीत ओठाला टॉवेल लावून बसलेत. जात नाहीत. म्हणतात, येऊ दे तिले, मी बोलतो. म्हटलं, तुम्ही काही बोलणार नाही.

अजूनही ठरत नाहीये. खरंच. वही हातात आहे आणि तीत लिहितोय, तोवर ती माझी आहे. फाटक वाजलं की लिहिणं थांबवावं लागेल.

पावणेअकरा. निर्मला आत आली. डोक्याला टेंगूळ, पदर नीट केलेला. स्टोव्हला पंप मारला, आधण ठेवलं. म्हटलं, चहा कशाला, ती घेणार नाही.

"घेईल. मी देईन तर घेईल." साखरेचा डबा काढला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही वही द्या नाहीतर नका देऊ. ती आली की तुम्ही दोघं भाऊ अंगणात जाऊन बसा. मला तिला बावीस तारखेचं, बादलीपाशी झालं ते सांगायचंय."

दोनच कप काढलेत तिने.